रोशनबीनं जगवलेली पिल्लं

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, रोशनबी शेख चोवीस वर्षं परिचर आहे. झाडलोट, काचेची भांडी धुणं, बरण्या पुसणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी सूक्ष्मदर्शक मांडून ठेवणं ही तिची कामं. शिक्षण सातवी. मी राजेश्वरी. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ग्रंथालयात असते. दुपारचा डबा आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकत्र खाल्ला. आता खात नाही. त्याचं कारण सांगायला बसले आहे.

२०१९च्या दिवाळीनंतर सृष्टी नावाची मुलगी पीएचडी करायला आली. शेवगावकडची, हुशार, जरा घाबरट. तिचा विषय खरबी. खाडीच्या तळाला, दगडाच्या आडोशानं राहणारा बोटभर मासा. घाट उतरून कोकणातून तिनं चाळीसेक मासे आणले, खाडीच्याच पाण्याचे कॅन जीपमध्ये भरून. हा मासा अंडी कशी घालतो, पिल्लं कशी वाढतात, ते तिला टाकीत पाहायचं होतं. अंडी मिळायची, पण पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरायची. एकही पाचवा दिवस बघत नव्हतं.

रोशनबीला या माशांचं वेड लागलं. डबा खाताना सांगायची, "राजेश्वरीताई, नर काय करतो म्हाईतीये का? टाकीत ठिवलेल्या खापरीच्या खालची बाजू तोंडानं घासून साफ करतो. मग मादी उलटी हून छताला अंडी चिकटवती आन निघून जाती. पुढं सगळं बापच बघतो. पंखांनी वारा घालतो, मेलेलं अंडं उचलून बाजूला टाकतो. जेवत बी न्हाई धड."

सृष्टी तिला मावशी म्हणायची. जानेवारीत टायफॉइड झाला तेव्हा ती बारा दिवस रोशनबीच्या घरी राहिली. रोशनबीचे मालक नूरमहंमद सकाळी तिच्यासाठी शहाळं घेऊन यायचे. तिच्या आईनं नंतर फोनवर रोशनबीला म्हटलं होतं, "आता तुम्हीच तिची आई."

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सृष्टीचे वडील गाडी घेऊन न्यायला आले. जाताना ती रडत होती.

"मावशी, मासे मेले तर माझं सगळं संपलं."

"तू जा बेटा. मी हाय ना."

आणि खरंच ती होती. साडेचार महिने, एक दिवस न चुकता. ओळखपत्र गळ्यात अडकवून बसस्टँडाजवळच्या पोलिसांना रोज तेच सांगायची, "माशांना खायला घालायला चाललेय साहेब." सुरुवातीला ते हसायचे. एकानं एकदा परत पाठवलं, तर ही नदीकडच्या गल्लीतून गेली. टाकीतलं पाणी किती उतरलं ते कळावं म्हणून काचेवर नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवली होती. पिल्लं बहुधा दिवस मावळताना अंड्यातून बाहेर पडतात हे तिच्याच लक्षात आलं, म्हणून रोजे चालू असतानाही अंडी पिकली की ती संध्याकाळी तिथंच थांबायची आणि प्रयोगशाळेच्या दारात खजूर खाऊन रोजा सोडायची.

टाकीतून काढलेलं खारं पाणी झाडांना घातलं की झाडं जळतात, माळी ओरडतो, म्हणून ती ते गच्चीवर एका टबात ओतत असे. खाडीतून आलेले गाळानं माखलेले शिंपलेही त्यातच पडलेले. उन्हानं ते पाणी हिरवंगार झालं. एक दिवस तिनं त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रोज मांडून ठेवायची तर बघायलाही आपोआप शिकली होती. थेंबात धुळीसारखे बारीक जीव फिरत होते. तिला वाटलं, पिल्लांची तोंडं एवढीशी, सृष्टी घालते तो खुराक त्यांच्या तोंडात मावत नसेल. तिनं वाटीभर हिरवं पाणी टाकीत घातलं.

पाचवा दिवस आला. दहावा आला. एकोणतिसाव्या दिवशी पहिलं पिल्लू पोहायचं सोडून तळाला जाऊन बसलं, मोठ्या खरबीसारखं. एकतीस पिल्लं जगली.

हे सगळं ती रोज सृष्टीला फोनवर सांगायची, मोबाईलवर फोटो काढून पाठवायची, आणि एका दोनशे पानी वहीत लिहायची. जुलैत ग्रंथालय थोडं थोडं उघडलं तेव्हा ती वही घेऊन माझ्याकडे आली. "शुद्धलेखन बघा वो ताई. सृष्टी हसायला नको." मी तासभर बसून वाचली. तारीख, वेळ, पाणी किती गरम, किती पिल्लं मेली. सगळं होतं. ऑगस्टमध्ये सृष्टी आली, तिनं रोशनबीला मिठी मारली, आणि वही घेऊन गेली.

२०२३मध्ये सृष्टीला पदवी मिळाली आणि नाशिकच्या एका कॉलेजात नोकरीही. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात आली. मी नोंद केली आणि वर निरोप धाडला. रोशनबी हात पुसत धावत आली.

"माजं नाव कुठं हाय, दाखवा की."

इंग्रजी तिला येत नाही. मी आभाराचं पान वाचू लागले. मार्गदर्शक सर, प्राचार्य, आईवडील, संगणकावर टायपिंग करून देणारा मित्र. शेवटी, 'टाक्या स्वच्छ ठेवणारे कर्मचारी'.

"बास?"

मी पानं उलटली. खापरीवरच्या अंड्यांचा फोटो आला. तिनं बोट ठेवलं. "ह्यो मी काढलाय. ही माजी बांगडी दिसती बघा काचेत." खाली लिहिलं होतं, छायाचित्र संशोधकाचं. पुढच्या प्रकरणात होतं की एप्रिल ते जुलै २०२० संशोधकानं स्वतः प्रयोगशाळेत हजर राहून रोज निरीक्षणं केली, आणि हिरव्या पाण्याची कल्पना तिला जुने शोधनिबंध वाचताना सुचली. मी ते मराठीत सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटली.

रोशनबी उभीच होती. म्हणाली, "ती तर शेवगावला हुती."

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. सृष्टी म्हणाली, "मावशी, प्रबंधात तसं नाव घालता येत नाही. निरीक्षण संशोधकाचंच असावं लागतं. सर म्हणाले, नाहीतर परीक्षक अडवतात."

"बरं, नाव नको. पन तू हितं हुतीस असं का लिवलंस?"

पलीकडून फोन कट झाला.

नूरमहंमद म्हणाले, सोडून दे. तिनं सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अर्ज लिहिला. प्राचार्यांनी सगळ्यांना एका दुपारी बोलावलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "रोशनबी, तुमचं काम टाक्या धुण्याचं, ते तुम्ही चांगलं केलंत." सृष्टी नाशिकहून आली होती. तिनं टेबलाकडे बघत सांगितलं, "मावशी टाक्या धुवायच्या, खाणं घालायच्या. वही वगैरे काही नव्हती. फोटो मी सांगायचे तसे त्या काढायच्या." रोशनबीच्या फोनमधले जुने मेसेज मोबाईल बदलताना गेले होते.

मग प्राचार्यांनी मला विचारलं, "तुम्ही अशी वही पाहिली होती?"

सर माझ्यासमोर बसले होते. माझ्या कायम होण्याची फाईल त्याच महिन्यात समितीपुढे होती आणि सर समितीवर होते. मी म्हणाले, "तिच्या हातात एक वही होती. मी उघडून पाहिलेली नाही."

रोशनबीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या वस्तूवरचं लेबल वाचावं तसं. अर्ज तिथंच निकाली निघाला. दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन खाली आली नाही.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीत, सृष्टी पुन्हा आली. एकटीनं वर जायचं धाडस होईना म्हणून आधी माझ्याकडे आली. नाशिकला तिला खरबीवरच मोठा प्रकल्प मिळाला होता आणि पिल्लं जगत नव्हती. मी तिला घेऊन वर गेले. रोशनबी बरण्या पुसत होती.

"मावशी, हिरवं पाणी घालते, त्यात बारीक जीवही आहेत. तरी नवव्या दिवशी सगळी मरतात. काचेला चिकटून राहतात, खातच नाहीत."

"काचेला चिकटत्यात व्हय?"

"हो. तुम्ही काय केलं होतंत?"

रोशनबीनं बरणी जागेवर ठेवली. "वहीत लिवलंय."

सृष्टीनं माझ्याकडे पाहिलं.

"वाच की. तुज्याकडंच हाय ना."

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रबंधात हिरवं पाणी तेवढं घेतलं आणि वही फाडून टाकली, मावशी. मला माफ करा. मी त्या वेळी लई घाबरले होते." शेवगावचं 'लई' तिच्या तोंडून खूप दिवसांनी आलं असावं.

"घाबरलीस ते ठीक हाय. मी तुला घरात ठिवली हुती. तू सगळ्यांसमोर मला न्हाई म्हनलीस." एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली आणि नळ सोडला.

जिन्यात सृष्टीनं मला विचारलं, "तुम्हाला काही आठवतं का, मॅडम?" मला आठवत होतं. वहीत होतं: पिल्लं बाजूच्या उजेडाकडे धावतात आणि काचेलाच डोकं लावून उपाशी मरतात, म्हणून जुन्या बुरख्याचं काळं कापड टाकीला चारी बाजूंनी बांधलं, उजेड फक्त वरून. मी म्हणाले, "नाही." या वेळी खोटं का बोलले, ते मला नीट सांगता येत नाही. रोशनबीचं जे उरलं होतं ते तरी आपण वाटू नये, असं वाटलं असेल.

त्या प्रकल्पाचं पुढं काही झालं नाही असं ऐकते. सृष्टीची पदवी आणि नोकरी शाबूत आहे. मी जूनमध्ये प्राचार्यांना लेखी कळवलं की मी वही वाचली होती, पूर्ण. पत्र मिळाल्याची पोच आली, बाकी काही नाही.

पोच घेऊन मी वर गेले आणि रोशनबीला सगळं सांगितलं. तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

"आता कशाला, ताई?" ती म्हणाली, आणि प्रॅक्टिकलला मुलं यायची होती म्हणून टेबलं पुसू लागली.