सोपानला सोबत लागायची

आमचा सोपान भित्रा होता आणि ते तो चारचौघांत बिनदिक्कत सांगायचा. चिखलीत पुरुषमाणसानं असं बोलायची पद्धत नव्हती. दिवेलागणीला मळ्यात जायचं झालं की हा माझा धाकटा दीर स्वयंपाकघराच्या दारात उभा! "वैनी, चला की संगं. मला भ्या वाटतंय." मी म्हणायचे, "भावजी, लग्नात बोहल्यावरबी मीच येऊ व्हय?" तो मनापासून हसायचा, पण मला घेतल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही.

तो पलटणीत भरती झाला तेव्हा गाव हसलं. पण पठ्ठ्या टिकला. जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणायचं काम त्याला मिळालं. सुटीवर आला की सांगायचा, "भ्या तर रोजच वाटतंय, वैनी. पर जखमी माणूस आपल्यापरीस जास्त भ्यालेला आसतोय. मग आपलं भ्या जरा गप बसतंय."

मग कोरियाच्या लढाईवर जायचा हुकूम आला. निघायच्या दिवशी तो भीतीचं अवाक्षर बोलला नाही. मी मुद्दाम चिडवलं, "येऊ का संगं?" तो नुसता बुटाची नाडी बांधत राहिला. देहूरोड स्टेशनावर सासूबाईंनी त्याच्या पलटणीतल्या गणपतचा हात धरला. साताऱ्याकडचं पोर ते. "ह्याला एकला सोडू नगंस, बाबा." गणपत म्हणाला, "न्हाई सोडत, आई."

पुढचे सगळे दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. रस्त्यात सायकलची घंटा वाजली तरी सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबायचा. शेवटी तार आलीच. सोपान गेला होता. अग्नीसुद्धा तिकडंच दिला त्याला.

लढाई थांबल्यावर गणपत आमच्या घरी आला. सासूबाईंनी पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "तू संगं हुतास न्हवं?"

हो म्हण रे बाबा, खोटं असलं तरी म्हण, असं मी मनात घोकत होते.

"न्हाई, आई. त्या दिशी मला दुसरीकडं धाडलं हुतं. बाकीचे मागं हटले, त्यो जखमीपाशी एकलाच थांबला."

आता या काय बोलतील, या धास्तीनं मी चुलीपाशी खिळून राहिले.

"तुझी आई भेटली का रं?"

"न्हाई. आदी हितंच आलो."

"मग हितं बसून काय करतुयास? जा. ती भीत आसंल."

त्यांनी त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही. तो वळणाआड दिसेनासा झाला, तेव्हा कुठं उंबऱ्यावर बसून त्यांनी हंबरडा फोडला.