अनुसया कुठपर्यंत ऐकत होती

माझी बायको अनुसया दीड महिन्यापूर्वी गेली. दुपारची वेळ होती, पंखा चालू होता आणि मी तिला पुस्तक वाचून दाखवत होतो. ती नेमकी कधी गेली ते मला कळलं नाही. दीड पान वाचून झाल्यावर मी विचारलं, पाणी पाहिजे का... ती बोलली नाही. डोळा लागला असेल म्हणून मी आणखी चार ओळी वाचल्या. मग हाताला हात लावला. तिची नजर साखरेच्या आजारानं आधीच गेली होती, त्यामुळं ऐकताना ती डोळे मिटूनच घ्यायची. तोंडाकडं बघून काही कळायची सोय नव्हती, आणि मी बघितलंही नव्हतं. मला ओळीखाली बोट धरून वाचावं लागतं. नजर काढली की ओळ हरवते. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काही बोलल्या का? काही बोलली नाही. मला घोर लागलाय तो वेगळाच. त्या दीड पानातलं तिनं कुठपर्यंत ऐकलं?

आम्ही दोघं मंगळवेढ्याकडची, मेंढरामागं फिरणाऱ्या घरांतली. माझी शाळा तिसरीत सुटली. वाचायला मी शाळेत शिकलोच नाही, गावच्या देवळात शिकलो. चुलता श्रावणात पोथी लावायचा. त्याचा आवाज बसला तेव्हा त्यानं मला धरून पाटावर बसवलं. म्हणून मला वाचायला येतं ते मोठ्यानं आणि चालीवरच. मनातल्या मनात वाचायला गेलो तर अक्षरं नुसती डोळ्यांपुढून जातात, डोक्यात काही उतरत नाही. सोलापुरात आल्यावर मी मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलली आणि हिनं मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापल्या. ही सातवी शिकलेली. वर्ष संपलं की वसतिगृहातल्या पोरी पुस्तकं टाकून जायच्या. रद्दीवाला यायच्या आधी ही त्यातली निवडून घरी आणायची आणि दुपारी भिंतीला टेकून मनातल्या मनात वाचायची. मी म्हणायचो, कशाला डोळे फोडतीस? ती म्हणायची, तुमी तंबाकू खाता तवा मी काय म्हणते का?

त्यात एक जाडजूड पुस्तक होतं. कव्हर नाही, पहिली पानं उंदरानं खाल्लेली. त्यामुळं त्याचं नाव काय, लिहिणारा कोण, हे मला आजही सांगता येत नाही. परदेशातली जुनी कादंबरी, कुणीतरी मराठीत केलेली, एवढं तिला ठाऊक होतं. काम सुटल्यावर निवांत वाचायची म्हणून तिनं ती ट्रंकेत ठेवली होती. काम सुटलं आणि निवांतपणाच्या जागी साखर आली. आधी नजर गेली, मग किडन्या. सात रस्ता चौकाजवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तिचं रक्त मशीनवर धुवून घ्यायला लागलो. एकदा मशीन लावलं की चार तास हलायचं नाही. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, नुसतं छताकडं तोंड करून पडण्यापरीस ते ट्रंकेतलं पुस्तक आणा. मी म्हटलं, मला पोथीशिवाय दुसरं वाचता येत नाही. म्हणाली, मग पोथीसारखं वाचा, मला चाललं.

त्या पुस्तकात नदीकाठचं एक गाव आहे. पूल बांधायचा म्हणून गावातले मोठे लोक वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करतात आणि खातात. पूल काही होत नाही. नावेतनं जाताना माणसं बुडतात, मग हेच लोक बुडालेल्याच्या घरी जाऊन गळा काढतात आणि तिथंच पुन्हा वर्गणी मागतात. माणसांची नावं अशी की जीभ गुंतून पडावी. ती म्हणाली, नावं सोडून द्या, ज्याचा जसा गुण तशी हाक मारा. मग पूल कमिटीचा म्होरक्या झाला ढेकऱ्या. चर्चमधला पाद्री झाला गोडबोल्या. आणि एक विधवा होती, जे पाहिजे ते रडून मिळवणारी, ती झाली रडवी. सगळं पुस्तक असल्याच माणसांचं. मी आपला वाट बघायचो. पोथीत कसं, संकट वाढलं की देव धावतो, नाहीतर एखादा भक्त तरी निघतोच. मी दर पाच-पन्नास पानांनी तिला म्हणायचो, आता चांगला माणूस येईल बघ.

"चांगला माणूस यायचा न्हाय," ती म्हणायची. "तुमी वाचा."

माझा आवाज मोठा आणि चाल पोथीची. शेजारच्या मशीनवर एक म्हातारी असायची, विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मी वाचायला लागलो की ती मोकळा हात उचलून कपाळाला लावायची. दोन-तीन खेपा तिनं असं केलं, मग विचारलं की हे कुठल्या देवाचं आहे. अनुसया म्हणाली, ह्यात देव न्हाय मावशी, सगळी आपल्यासारखीच हायत. तरी मावशीचा हात कपाळाला जायचा राहिला नाही. समोरच्या खाटेवरचा एक मुसलमान गडी, रिक्षा चालवणारा, मला आल्या-आल्या विचारायचा, चाचा, वो रोनेवाली का क्या हुआ की? सिस्टर आधी आवाज कमी करा म्हणून ओरडायची, पुढं तीही सुई लावून झाली की दाराशी रेंगाळायला लागली.

पुस्तकाच्या मधोमध त्या गावात एक तरुण इंजिनियर येतो. गरिबाचा पोरगा. आल्या-आल्या वर्गणीचा हिशोब मागतो, ढेकऱ्याला तोंडावर चोर म्हणतो. मला वाटलं, आला. मी असा जोरात वाचायला लागलो की सिस्टरनं दार लावून घेतलं. ही म्हणाली, लगीच हार घालू नका, त्याला वाईच गावात राहू द्या. पुढं काय व्हावं? तो ढेकऱ्याचाच जावई झाला आणि सगळ्यात मोठा वाटा त्यानंच उचलला. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, मी नाही वाचत असलं. ती खाटेवर हसत होती.

"राग त्याचा आला, का त्याला चांगला समजलासा म्हणून सोताचा आला?"

मी म्हटलं, तुला ह्या हलकटांत काय गोड लागतंय ते सांग आधी. जन्मभर भाकरी थापून लोकांच्या पोरींची पोटं भरलीस, आणि शेवटाला ऐकायला हे? तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. मशीनची नळी तेवढी लाल दिसत होती. मग जे बोलली ते मी विसरणार नाही.

"मला बघायला येणारा परत्येक जण म्हणतो, बरी हुशील. त्यास्नी ठाव हाय, मला ठाव हाय, तरी म्हणत्यात. ह्या पुस्तकातली माणसं खोटं बोलत्यात तवा लिवणारा शेजारी हुबा राहून सांगतो, बघ बाई, खोटं बोलतोय. मला त्येवढंच बरं वाटतं."

मीही तिला रोज बरी होशील म्हणायचो. त्या दिवसापासून म्हणायचं बंद केलं. नुसता वाचत राहिलो.

उन्हाळ्यात एका खेपेला आम्ही गेलो तर मावशीच्या खाटेवर दुसराच माणूस. कुणी सांगायची गरज नव्हती. हिला दिसत नव्हतं, पण शेजारनं खोकल्याचा आवाज पुरुषाचा आला तेव्हा ती समजली. मावशीचं ऐकायचं राहिलं, म्हणाली. मी पान काढलं तर हात लांब करून तिनं पुस्तकावर ठेवला.

"माझं राहिलं तर मागनं वाचून पुरं करा. मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं मला ऐकू यायचं न्हाय."

मी म्हटलं, गप, असलं बोलू नको. ती म्हणाली, व्हय म्हणा. मी व्हय म्हटलं, तेव्हा तिनं हात काढला.

नंतर नंतर मशीनवरनं आली की दोन-दोन दिवस तिला उठता यायचं नाही. मग घरी दुपारीसुद्धा वाचायला लागलो. पुस्तक सरत आलं होतं. पूल अर्धा बांधून झाला होता, तोसुद्धा कच्चा. त्या दुपारी मी दोन घोट चहा करून दिला. साखर नाही म्हणून तिनं मला शिवी दिली, कप परत दिला आणि म्हणाली, वाचा. तिथून पुढचं ते दीड पान.

ज्या जागी माणूस जातं तिथं दहा दिवस दिवा ठेवतात. तोवर जीव तिथंच घुटमळतो म्हणतात. खरं-खोटं मला ठाऊक नाही. लेक रेखा करकंबहून आली होती, तिनं दिवा लावला. हिचा थोरला भाऊ गावाकडनं आला. सुतकात दिव्यापुढं वाचायची पोथी त्यानं पिशवीतनं आणली होती. म्हणाला, दाजी, तुमच्याइतकं चालीवर कुणाला येत न्हाय, तुमीच बसा. मी बसलो. पहिल्या दिवशी वाचलीसुद्धा. त्या पोथीत मेलेल्या जिवाला वाटेत काय काय भोगावं लागतं ते सगळं आहे. तापलेली वाळू, उकळतं तेल, अंगाला टोचणाऱ्या लोखंडी सुया. दुसऱ्या दिवशी सुयांच्या ओळीवर बोट आलं आणि तिथून पुढं सरकेना. जिनं एवढे महिने दंडाची चाळण करून घेतली, तिला मी आता आणखी सुया वाचून दाखवू? कशासाठी? तिनं काय केलं होतं?

मी पोथी कपाळाला लावून बाजूला ठेवली आणि खाटेखालनं ते पुस्तक काढलं. कुठून सुरुवात करायची हा प्रश्न पडला. ती चहाला शिवी देत होती तोवर तर नक्की होती. म्हणून तिथपासून काढलं. चार-पाच ओळी झाल्या, त्यात ढेकऱ्याचं नाव आलं, आणि मेहुण्यानं मान वर केली.

"दाजी, ही कसली पोथी?"

मी म्हटलं, तुझ्या बहिणीची. ऐकायची राहिलीय तिची. तो म्हणाला, येडं लागलं का काय, तिला गती मिळायची न्हाय, भावकी तोंडात शेण घालंल. बायका कुजबुजायला लागल्या. रेखा म्हणाली, मामा, आईनं तसं सांगून ठेवलं होतं, आण्णांना वाचू द्या. तो म्हणाला, मरणारं माणूस कायबी बोलतं. मग मी बोललो. म्हटलं, ती एवढे महिने पडून होती तेव्हा तू किती वेळा आलास? आलास तेव्हा बरी होशील म्हणून गेलास. आता तिच्या गतीचं माझ्या घरात बोलू नको. तो उठला, पोथी पिशवीत घातली आणि निघून गेला. दहाव्यालाही आला नाही, आजही फोन उचलत नाही. मी बोललो ते खरं होतं, पण बहिणीच्या दिव्यापुढनं भाऊ उठून गेला हेही खरं. दोन्ही माझ्या पदरात आहेत.

मी रोज सकाळी वाचलं. आधी दोन-चार बायका बसायच्या, मग रेखाच राहिली. नवव्या दिवशी पुस्तक संपलं. शेवटी पुलाचं आणि त्या लोकांचं काय झालं ते मी इथं सांगत नाही. मी तिला वाचून दाखवलंय, बाकी कुणाला सांगायचं माझ्यावर नाही. शेवटची ओळ झाली तेव्हा दिव्याकडं बघत बसलो. आमच्या घरात कायम ती वाचायची आणि मला सांगायची, अमक्यानं असं का केलं असेल, तमकी तशी का वागली. पहिल्यांदाच असं झालं की शेवट मला ठाऊक आहे आणि विचारायला समोर कुणी नाही. रेखानं विचारलं, संपलं का आण्णा? म्हटलं, संपलं. ती आत भाकरी करायला गेली.

रेखा परत करकंबला गेली. हे लिहिताना माझं शुद्धलेखन तिनंच नीट केलंय, बाकी सगळं माझं. दुपारी मी खुर्ची ओढून खाटेपाशी बसतो. पुस्तक पुन्हा वाचत नाही, तेवढंच दीड पान काढतो. ते पाठ झालंय, तरी बोट धरतो. बुडालेल्या नावाड्याच्या मयताला सगळे जमलेत. गोडबोल्या बोलतोय, ढेकऱ्या घड्याळ बघतोय, रडवी छाती पिटून रडतेय. तेवढ्यात तिला दिसतं की कुणीतरी कोपऱ्यातली छत्री उचलतंय. ती रडणं थांबवते, छत्री माझी आहे, मयताची नव्हे असं सांगते, छत्री काखेत घेते आणि रडणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू करते. ह्या ओळीला त्या दुपारी मी स्वतः हसलो होतो. दिव्यापुढं वाचली तेव्हा कुणी हसलं नाही, सुतकात कोण हसणार?

अनुसया हसली की आवाज करायची नाही, नुसती खाट हालायची. त्या दुपारी खाट हालली का? पंख्याचा आवाज आठवतो. बोटाखालची ओळ आठवते. मी हसलो तेव्हा माझी खुर्ची करकरली ते आठवतं. खाटेचं आठवत नाही... छत्रीची ओळ त्यातल्या पहिल्या पानाच्या खालच्या अंगाला आहे. त्यानंतरचं तिनं त्या दुपारी ऐकलं नसेल तर नसू दे. छत्रीपर्यंत ती होती, असं मी धरून चालतो. मला कुणी नाही म्हणू नका.