फोनमधून उठून गेलेल्या मॅडम

योगाच्या मॅडम स्वतः योगासनं करत नसत. नवीन आलेल्या बाईला हे हमखास खटकायचं. पहिल्या दिवशी एकदा करून दाखवायच्या, तेवढंच. मग हात मागे बांधून सतरंज्यांच्या मधून अनवाणी फिरायच्या आणि बघत राहायच्या. कुणाचा खांदा कानाकडे चढला, कुणी श्वास कोंडून धरला, त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कुणी म्हटलंच की तुम्हीपण करा ना आमच्यासोबत, तर म्हणत, "मी करून राहिली तर तुमाले कोण पाहीन? शिकवणाऱ्यानं करायचं नसते, पाहायचं असते."

अकोल्यात आमचं मेडिकल आहे. त्याच्या वरचा हॉल त्यांनी भाड्याने घेतला होता. मूळच्या अमरावतीच्या. तिथल्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून कंत्राटावर होत्या, कंत्राट संपलं तेव्हा इथे येऊन क्लास काढला. लग्न केलं नव्हतं. हॉलचं आणि राहत्या खोलीचं अशी दोन भाडी आणि पोट, सगळं त्या क्लासवर. मी सकाळच्या बॅचला जात असे आणि उरलेला दिवस काउंटरवर असे. त्यामुळे जिना कोण चढतं आणि कोण चढायचं बंद होतं, हे मला आधी कळायचं.

बोलायला फटकळ. एका बाईने विचारलं, कोणतं आसन केलं की पोट जाईल? मॅडम म्हणाल्या, "ताटावरून लवकर उठा, तेच आसन." ती बाई महिनाभर आली नाही. मग आली, आणि टिकली. तोवर बायका अशाच टिकायच्या, थोडा अपमान गिळून.

लॉकडाऊननंतर बॅचेस रिकाम्या पडल्या. वैशाली नावाची आमच्यातलीच एक इंजिनियरची बायको, हौशी. तिने फेसबुकवर मॅडमचं पेज उघडून दिलं, इन्स्टाग्रामवर खातं काढून दिलं. मॅडम नाही-नाही म्हणत होत्या, पण त्यांना गरज होती. वैशालीने पहाटे गच्चीवर त्यांचे व्हिडिओ घेतले, आणि पाहता पाहता जिना भरला. तासभर लांबच्या पातूरहूनही दोघी यायच्या. कोणत्या वारी कोणत्या रंगाचा टी-शर्ट, हे क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरू लागलं. हॉलमध्ये फोनचा स्टँड आला, त्यावर गोल दिवा आला. आणि मॅडम त्या दिव्यासमोर उभ्या राहून आसनं करू लागल्या. सुरेख करायच्या. त्यांना ते आवडूही लागलं होतं. दुकानात येऊन मला विचारायच्या, "कालचा पाहिला का, ताई?" पाहिला नसला की चेहरा पडायचा. या बाईचा चेहरा पडताना मी आधी कधी पाहिला नव्हता.

शमीमआपा आमच्या लायनीतल्याच बांगड्यांच्या दुकानाच्या मालकीण. गुडघ्यांसाठी यायच्या. माझा फोटो काढायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, म्हणून कायम मागच्या रांगेत. त्या सकाळी एका पायावर उभं राहायचं आसन चाललं होतं. वैशाली शूटिंग करत होती. मॅडम पुढे, दिव्याकडे तोंड करून, हात जोडून हसऱ्या चेहऱ्याने उभ्या. मागे आपा पडल्या. मनगट मोडलं.

वैशाली म्हणाली, काही हरकत नाही, तेवढा भाग कापता येईल. मॅडमनी दिवा बंद केला आणि आपांना उठवलं.

ऑटोत आपांना घेऊन मॅडम आणि मी दवाखान्यात गेलो. प्लास्टर चढल्यावर आपा मॅडमना म्हणाल्या, रागाने नाही, गोष्ट सांगावी तशा, "मैंने आवाज दी थी, मॅडम. दोन बार. तुमी उधर पाहून राहिल्या होत्या."

त्याच संध्याकाळी मॅडमनी पेज काढून टाकलं. इन्स्टाग्राम गेलं, व्हॉट्सॲपसुद्धा गेलं. वैशाली धावत आली. व्हिडिओ नको तर नको, निदान पेज राहू द्या, हजारो लोक आहेत त्यावर. मॅडम माझ्या काउंटरशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पेज राहिलं का कॅमेरा येते. कॅमेरा आला का मी तिकडंच पाहीन. मले माझा भरोसा नाही."

पुढचं सगळं मला जिन्यावरून कळत गेलं. आधी टी-शर्टवाल्या गेल्या. मग पातूरच्या दोघी. रिंग रोडला भिंतभर आरसे लावलेला नवा स्टुडिओ निघाला होता, तिथे शूटिंगला मनाई नव्हती. वैशाली तिकडे गेली आणि जाताना पंधरा जणींना घेऊन गेली. मग बोलणं सुरू झालं. पोलीस केस झाली म्हणे. बाईचं डोकं फिरलं म्हणे. एक दिवस जुन्या बॅचमधली एक जण बीपीच्या गोळ्या घ्यायला आली आणि आवाज खाली आणून मला विचारू लागली, त्या आपल्या योगाच्या मॅडम वारल्या का हो? वरून मॅडमचा आवाज येत होता, श्वास घ्या, सोडा. मी वर बोट दाखवलं. तिने छताकडे पाहिलं. म्हणाली, "असं होय. कुठं दिसत नाहीत, म्हणून विचारलं."

मी व्यवहाराचं बोलणारी बाई आहे. मॅडमना सांगितलं, पेज परत उघडा, आठवड्याला एक फोटो टाका, क्लासमध्ये फोन बंद ठेवा, झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमी बरोबरच बोलून राहिल्या, ताई. पण दारू सोडलेल्याले कोणी म्हणते का, का फक्त इतवारी घेत जा?" जिना मात्र रिकामाच होता.

शेवटी आम्ही तिघी उरलो. मी, एक रिटायर्ड मास्तरीणबाई आणि हात बरा झालेल्या आपा. मॅडम आम्हा तिघींमधूनही तशाच हात मागे बांधून फिरत. मास्तरीणबाईंचा चाळिसाव्या वर्षापासून कानाकडे चढलेला खांदा त्याच दिवसांत खाली आला. ते आमच्याखेरीज कुणी पाहिलं नाही.

मग अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा मिळाली आणि त्यांनी हॉल सोडला. बसस्टँडवर आपा आणि मी गेलो होतो. रडलं कोणी नाही. मॅडमनी आपांचा हात हातात घेतला, मनगट उलटसुलट करून पाहिलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, आणि बसमध्ये चढल्या.

त्या रात्री माझा फोन वाजत राहिला. वैशालीने मॅडमचा गच्चीवरचा जुना व्हिडिओ क्लासच्या जुन्या ग्रुपवर टाकला होता, मागे सनई. खाली हात जोडलेले, रडणारे चेहरे, लाल बदाम. आमचं आयुष्य बदलणाऱ्या गुरू. मॅडम, तुमची जागा कोणी घेऊ शकत नाही. अकोला तुम्हाला विसरणार नाही. सगळ्याजणींनी लिहिलं होतं. मॅडम वारल्या का विचारणाऱ्या बाईनेही. त्यातली एकही बसस्टँडवर नव्हती, आणि ते स्टँड यातल्या बहुतेकींच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी वैशाली दुकानात आली. विचारलं, मॅडमनी आमचे मेसेज पाहिले का हो? मी म्हटलं, त्यांच्याकडे यातलं काहीच नाही, तुला माहीत आहे. नंबर आहे, फोन कर. ती म्हणाली, "हो, करते कधीतरी. काकू, कमरेला मारायचा स्प्रे आहे का तुमच्याकडे? त्या नव्या क्लासपासून फार दुखून राहिली."

मी स्प्रे काढून दिला आणि बिल केलं.