डावीकडे ठेवलेला चहा

"वहिनी, छळ आहे हा! आईचं डावीकडे लक्ष जात नाही, आणि तू कप नेमका डावीकडेच ठेवतेस?"

"लक्ष जात नाही म्हणूनच ठेवायचा. दुर्गाबेननी सांगितलंय."

"ती नर्स काय, काहीही सांगेल. सरकव इकडे."

"हात लावायचा नाही, शलाकाताई!"

दांडिया बाजारातल्या त्या घरात संयोगितानं नणंदेवर पहिल्यांदाच आवाज चढवला होता. शलाका गोत्रीहून रविवारी यायची, आईचे केस विंचरायची, चुका काढायची आणि जायची. पलंगावर कौशल्याबाई उशांना टेकून उजवीकडच्या भिंतीकडे बघत होत्या. लकव्यानं डावं अंग गेलं, आणि त्यांच्या लेखी डावीकडचं जगच संपलं.

घरी येऊन शुश्रूषा शिकवणाऱ्या दुर्गाबेननं पाणी, चष्मा, जवळ बसणाऱ्याची खुर्ची, सगळं डावीकडे नेलं होतं. "एमने जाते लेवा दो, बेन. त्यांचं त्यांना घेऊ द्या, तरच मान तिकडे वळेल. मागितलं तरी लगेच हातात द्यायचं नाही. आणि तुम्ही रोज संध्याकाळी तासभर घराबाहेर. तेही औषधच."

औषध एवढं गोड असतं हे संयोगिताला ठाऊक नव्हतं.

नवी नवरी असताना तिनं जेवताना मीठ मागितलं, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "हात आहेत ना? ऊठ, घे." तापानं फणफणलेली असताना पाणी मागितलं, तेव्हाही तेच. हाक कायम "अगं ए". आता तेच वाक्य ती रोज परत करायची, अगदी हसून. दुर्गाबेन म्हणायची, केवढी धीराची सून! संयोगिता मान खाली घालून कौतुक ऐकून घ्यायची.

"तुला मजा येते यात. खरं सांग."

"येते. आणि आई सुधारतायतही. मी काय रडत रडत करू?" ती पलंगाकडे वळली. "आई, चहा. हात आहे ना? घ्या."

मान हळूहळू वळली. भिंत, पायथा, खुर्ची... उजवा हात अंगावरून पलीकडे चाचपडत गेला. बोट कपाच्या कानात अडकलं. निम्मा कोमट चहा गाऊनवर सांडला, निम्मा ओठांपर्यंत पोचला. शलाका बघतच राहिली.

"संयोगिता," कौशल्याबाई बोबड्या, पण स्पष्ट बोलल्या. "बस ना इथं. जरा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव.

संयोगितानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. रोजची बाहेर जायची वेळ झाली होती. तिनं खुंटीवरची पिशवी काढली, पायात चपला सरकवल्या.

"वहिनी! आई बोलावतेय तुला!"

जिन्यावर चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.