तिसऱ्या हाकेचे मामा

अख्ख्या परभणी जिल्ह्यात भुतांची सगळ्यांत जास्त निराशा कुणी केली असेल, तर माझ्या बायकोच्या मामांनी. जिंतूरच्या पुढे डोंगराच्या खोबणीत त्यांचा आखाडा आहे. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडाच म्हणतात. तिथं कुणी एकदा हाक मारली तर मामा ओ देत नसत, दोनदा मारली तरी ढिम्म. तिसऱ्या हाकेला मात्र अशी ओ देत, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राही. "भूत एकदा बोलवतंय, लय झालं तर दोनदा," ते मला समजावत. "तिसऱ्यांदा बोलवायची चिकाटी फकस्त जित्या माणसाला असतीय, जावईबापू."

या नेमापायी मामांनी काय काय सोसलं! गुरुजी हजेरीला नाव एकदाच पुकारत, म्हणून पहिल्या रांगेत बसूनही ते शाळेत कायम गैरहजर. लग्नाच्या पंगतीला तिसऱ्या आग्रहाशिवाय बसत नसत, त्यामुळे पाहुण्यांत त्यांना उगाचच मानी समजलं जाई. मामी तर "जेवायला या, जेवायला या, जेवायला या" असं एका दमात म्हणून मोकळ्या होत. मी हसत असे. पण नेमामागची हकिकत ऐकल्यापासून हसू जरा आवरतं घेतलं. मामांच्या आज्याला तिन्हीसांजेला बाभळींकडून हाक आली होती. आवाज ओळखीचा, घरातल्याच माणसाचा. ते माणूस तर चुलीपुढं बसलेलं. आज्यानं पहिल्याच हाकेला ओ दिली आणि बाहेर पडला. सकाळी विहिरीच्या काठावर त्याचे जोडे तेवढे सापडले.

हाच नेम एके दिवशी मामांच्या मुळावर आला. त्यांचा एकुलता एक गजानन. त्याला शेती नको होती, कंपनीत जायचं होतं. बापलेकांचं चांगलंच वाजलं. पहाटे पिशवी खांद्याला लावून तो अंगणातून म्हणाला, "अण्णा, येऊ का?" मामा आत जागेच होते. दुसऱ्या, तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. रागावलेलं माणूस एकदाच विचारतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. गजानन थोडा थांबला आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही, जुना नंबरही बंद.

"पोरगं फोन लावायलाय," मामा सांगत. "हितं रेंजच न्हाई, त्येनं तरी काय करावं?" आखाड्यावर रेंज नव्हती हे खरंच होतं. मी सेलूला विज्ञान शिकवतो. मीच एकदा त्यांना सांगून बसलो, की आता खळ्याएवढा पसारा असलेला उपग्रह वर सोडलाय, तो टॉवरशिवाय थेट साध्या मोबाईलला रेंज देणार आहे. आपल्याकडे ती सेवा अजून सुरू व्हायची आहे, हेही बजावून सांगितलं. मामांनी पहिलं तेवढं घेतलं, दुसरं सोडून दिलं. तेव्हापासून दिवस मावळला की अंगणात बाज टाकायची, उपड्या टोपलीवर बटनांचा फोन ठेवायचा आणि आभाळाकडे बघत बसायचं.

एका संध्याकाळी मी तिथंच होतो. बाभळींच्या वर एक ठळक, न लुकलुकणारी चांदणी निघाली आणि कुणीतरी कंदील धरून चालल्यासारखी संथपणे डोक्यावर येऊ लागली. रातकिडे थांबले. म्हैस कान टवकारून उभी राहिली. आणि फोन वाजला.

पडद्यावर रेंजची एकही दांडी नव्हती, नंबरही उमटला नव्हता. मामांनी हात पुढं केला आणि फोनपासून वीतभर अलीकडं थांबवला. "एक झाली," ते पुटपुटले. घंटी वाजून वाजून थांबली. मामा, मी आणि घंटी ऐकून आलेल्या मामी, तिघंही दुसरीची वाट बघत राहिलो. चांदणी डोंगराकडं कलली, अंधारात विझली. मी फोन तपासला, तर असा काही कॉल आल्याची खूणसुद्धा त्यात नव्हती.

मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. "तीनदा लावावं लागतंय, ठाऊक हाय त्येला," त्या म्हणाल्या. "तरी एकदाच लावला, जाताना एकदाच इचारलं तसा. गजाच व्हता त्यो."

"आन् नसला तर?" मामांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"नसला तर नसला. ओ द्यायला काय जात व्हतं?"

पुढं बरेच दिवस मला आखाड्यावर जायचं धाडस झालं नाही. परवा गेलो. तिन्हीसांज झाली होती, ती चांदणी वर सरकत होती. टोपलीवरचा फोन गप्प होता, बाभळींतून वारासुद्धा नव्हता. मामा बाजेवरून उठले, अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि कुणीही हाक मारलेली नसताना मोठ्यानं म्हणाले, "ओ." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "ओ, गजा. ये बाबा." मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि चांदणी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिकडंच बघत होतो.