आवाजाकडे पाठ

कुठे धाडकन आवाज झाला की तुम्ही-आम्ही आवाजाकडे बघतो. राजापेठेतल्या आमच्या इमारतीतले सुभेदार मात्र आवाजाकडे पाठ करून उभे राहायचे. "आवाज तुमच्यासाठी असते. खरं काम दुसरीकडंच होऊन राहते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फौज सोडून वर्षं लोटली, पण सवय हाडीमाशी खिळलेली.

वरातीत फटाके फुटले की लोक नवरदेव बघत, हे लोकांच्या उभ्या गाड्या बघत. बायको वैतागायची, "यायले हाक मारली त हे भलतीकडंच पायतेत!"

सीमेवर लढाई पेटली, ते दिवस आठवत असतील तुम्हाला. जो तो मोबाइलला चिकटलेला. आम्ही सुभेदारांना गाठलं, "दुश्मन इथवर येईन का?"

"सरहद्द कुठं, राजापेठ कुठं! फौज नाई येत इथं. पण कोनं काय बिघडवलं त आपण लंगडे होऊ, थे पायलं पायजे."

त्यांनी आम्हाला इमारतभर फिरवलं. पाण्याची टाकी दाखवली, जिन्याखालचा मेन स्विच दाखवला आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आत्याची ऑक्सिजनची मशीन. आत्या म्हणजे सगळ्या इमारतीचीच आत्या; एकटी राहते, मुलगा अकोल्याला नोकरीला. शत्रू काय आत्यावर चालून येणार? आम्ही पोट धरून हसलो.

"हासा," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज आत्याच्या दारात डोकावू लागले.

मग ब्लॅकआउटचा सराव ठरला. फक्त दिवे मालवायचे होते. पण उत्साहाला आवर कुठला! घरोघरी कोण सांगत बसणार, म्हणून इमारतीच्या अध्यक्षांनी थेट मेनच पाडला. भोंगा सुरू झाला आणि आम्ही सगळे गच्चीवर, अंधारलेली अमरावती बघायला.

सुभेदार भोंग्याकडे पाठ करून खाली जिन्यात बघत होते. तिथलाही दिवा गेलेला.

"मेन कोनं पाडला? आत्याची मशीन!"

दुखरे गुडघे घेऊन ते जिने उतरले. मी मागोमाग धावलो. त्यांनी मेन चढवला, तशा खिडक्या उजळल्या आणि वरून ओरडा झाला, "बंद करा! नियम हाय!" अध्यक्ष तणतणत खाली आले. सुभेदार बोर्डाला पाठ लावून उभे होते.

"आपापले दिवे बंद करा. मेनले हात नाई लावू देत."

"पण सुभेदार..."

"नाई म्हंजे नाई."

मी आत्याकडे पळालो. तिचे ओठ निळे पडले होते. मशीन पुन्हा घरघरत होती, आणि हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला. भोंगा थांबल्यावर सुभेदार वर आले. कुणावर चिडले नाहीत. "घातपाताले दुश्मनच लागते असं नाई," एवढंच म्हणाले आणि आत्याशेजारी बसून राहिले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. इमारतीत मला अजून त्यांच्याशिवाय करमत नाही.

परवा रस्त्यावरून वरात चालली होती. आम्ही सगळे गॅलरीतून वाकून बघत होतो. आत्या नाकाला नळी लावून दारात बसली होती, तोंड जिन्याकडे.

"आत्या, इकडं पाय ना, नवरदेव!"

"पाहा तुमी," ती म्हणाली. "इकडं कोनीतरी पायलं पायजे ना, बाप्पा."