एम.ए. संगीताची धास्ती

गाणं शिकणाऱ्यांचा अर्धा वेळ गाण्यात जातो आणि अर्धा आपला नंबर यायची वाट बघण्यात. दाराबाहेर बसलेली माणसं बोलणार नाहीत तर काय करतील? असे किस्से साठत जातात. नांदेडला विद्यापीठात आम्ही तिघं एका बॅचला होतो. मी लोह्याची, महादेव चाकूरचा आणि शिवलीला उदगीरची. दोन वर्षं सतत कुणाची ना कुणाची परीक्षा!

पहिली धास्ती प्रवेशाची. महादेव लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात गायलेला. मंडळाकडं माईक नव्हता, त्यामुळं आवाज शेवटच्या गल्लीपर्यंत पोचवायची सवय. विभागातले गायनाचे सर म्हणाले, "सा लावा." त्यानं डोळे मिटून लावला. बाहेर बाकावर माझ्या हातातला फॉर्म खाली पडला!

सर शांतपणे म्हणाले, "छान. आता मी इथंच समोर बसलोय असं समजून लावा."

* * *

विभागात सरांचा स्वतःचा तानपुरा होता, त्यांच्या गुरुजींनी दिलेला. त्याला हात लावायच्या आधी आम्ही हात धुवायचो. अंतर्गत परीक्षेच्या सकाळी मी तो जुळवत होते. खुंटी जराशी जास्त पिळली आणि टण्! तार तुटली. सर येताहेत का बघायला शिवलीला दाराकडं पळाली, तर सर दारातच उभे!

सर नुसते तारेकडं बघून राहिले. मला वाटलं, संपलं आपलं एम.ए.

तेवढ्यात मागून महादेव म्हणाला, "सर, तुटली खरी, पन सुरात तुटली. पंचम लागला व्हता, म्या ऐकलाय."

सरांनी कपाटातून नवी तार काढली आणि माझ्या हातात ठेवली. "लावा. ही सुरात लावा, आणि तिथंच थांबा."

* * *

युवक महोत्सव लातूरला होता. महादेव गावच्या सप्ताहात रोज गाऊन आला आणि ऐन वेळी त्याचा घसा बसला. सरांनी फर्मान काढलं, "स्टेजवर जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

एसटीत तो गळ्याला मफलर गुंडाळून बसला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" महादेवनं मोबाईलवर 'लातूर' टाइप करून दाखवलं. कंडक्टरचा चेहराच उतरला. वाकून मला हळूच म्हणाला, "मुका हाय का हो पोरगा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव. गायनाच्या स्पर्धेला चाललाय!"

अहमदपूर येईपर्यंत कंडक्टर वळून वळून बघत होता. महादेवला हसायचीही चोरी. संध्याकाळी त्याचा वरचा सा लागला, पण तो लागेपर्यंत मी आणि शिवलीलानं श्वास घेतला नव्हता.

* * *

मौखिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. कडक माणूस. त्यांनी महादेवला विचारलं, "भूप आणि देशकार, स्वर तेच. मग फरक काय?"

महादेवला सगळं पाठ होतं, पण आठवेना. शेवटी म्हणाला, "सांगता येईना सर. गाऊन दावू का?"

गायला. दोन्ही राग असे वेगळे ठेवले की दाराला कान लावलेल्या आम्हालाही कळलं. परीक्षक हलले नाहीत. "आता हेच लिहून द्या."

महादेवनं एकच ओळ लिहिली, "भूप खाली रमतो, देशकार वर."

परीक्षकांनी ती वाचली. मग आपली वही काढून तीत उतरवून घेतली!

* * *

शेवटची परीक्षा मंचप्रदर्शनाची. श्रोत्यांसमोर अर्धा तास गायचं आणि घंटी वाजली की थांबायचं.

शिवलीलाच्या वडलांचं उदगीरला भांड्यांचं दुकान. त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरत आलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी अट घातली होती, "परीक्षा देऊ द्या, पन पुढं गानं-बिनं न्हाई." ती हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. वडलांनीही अजून शब्द दिला नव्हता. आणि परीक्षेला वडील आणि सासरे दोघंही आले, पुढच्याच सतरंजीवर शेजारी शेजारी बसले!

मी तिच्या मागं तानपुऱ्यावर होते, त्यामुळं दोघांची तोंडं मला समोर दिसत होती. शिवलीलानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि तोडी राग सुरू केला. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता. मग हळूहळू ती कुणाचीच राहिली नाही.

घंटी वाजली. ती थांबली नाही.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, घंटीकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. मी सरांकडं पाहिलं. सर जमिनीकडं बघत होते. तेवढ्यात सासरेबुवा खाकरले. वडलांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता पुरे म्हना की पोरीला. घंटी झाली न्हवं?"

वडलांनी मान वळवली नाही. स्टेजवरची नजर न काढता ते म्हणाले, "पाव्हनं, च्या भाईर हाय. तुमी पिऊन या."